हिरव्या फुलीकडे बघा

आधी तो पंखा बंद करा. त्याची कुरकुर चालू असली की मला मधलं विसरायला होतं. आणि कोणाला पाणी प्यायचं असेल, बाहेर जायचं असेल, तर आत्ताच उरका. मध्ये उठायचं नाही. मागच्या वेळी धाकटी मध्येच उठली आणि दारात किंचाळली. काय होतं, तर दोरीवरचा टॉवेल.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी तीस वर्षं भांडार सांभाळलं. कापसाचा गठ्ठा उघडून बघितल्याशिवाय कधी सही केली नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो माणूस माझ्यापेक्षा कोरडा. थाप मारायलासुद्धा थोडी कल्पना लागते, ती त्याच्याकडे औषधालाही नव्हती.

तो स्कॅनच्या खोलीत कामाला होता. दिवसभर त्याचं एकच पालुपद: हनुवटी ठेवा, कपाळ टेकवा, हिरव्या फुलीकडे बघा. म्हणून आम्ही त्याला हनुवटीकर म्हणायचो, आणि पुढे पुढे तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. लग्न केलं नव्हतं. एका खोलीत राहायचा. एक बहीण होती, ती लांब. दिवसाकाठी पन्नास माणसांच्या डोळ्यांत हातभर अंतरावरून बघायचा आणि संध्याकाळी घरी गेला की त्याच्याकडे बघायला भिंती. रविवारी दाढी करायचा नाही. कोणासाठी करू, म्हणायचा, आणि वर हसायचा.

आता त्याचं यंत्र समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. डोळ्याच्या मागे पडदा असतो, त्यावर आपल्याला दिसणारं चित्र उमटतं. हे यंत्र त्या पडद्याचा छेद दाखवतं. डोंगर कापून रस्ता काढला की कडेला मातीचे थर दिसतात ना, तसे. डोळ्याला हात न लावता, नुसत्या प्रकाशाने. आणि त्याची एक खोड होती. एकदा एखाद्या डोळ्याचा स्कॅन काढला की पुढच्या खेपेला ते त्याच डोळ्याच्या रक्तवाहिन्या ओळखायचं आणि नेमकं आधीच्याच ठिकाणी जाऊन थांबायचं. खाली अक्षरं यायची: 'आधीची जागा सापडली.' दुसऱ्या कोणाचा डोळा समोर धरा, ढिम्म हलायचं नाही.

तेव्हा मोठ्या डॉक्टरांचं संशोधन चालू होतं. काही जणांच्या पडद्याला उतारवयात अगदी मधोमध भोक पडतं. आजूबाजूचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघाल तेवढंच दिसत नाही. माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. मग ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा फुगा सोडतात, आणि तो भोकावर टेकून राहावा म्हणून पेशंटला पालथं ठेवतात. किती दिवस ठेवायचं, एक की सात, हेच डॉक्टरांना शोधायचं होतं. चिठ्ठी निघेल तसं ज्याचं त्याचं नशीब. मग वर्षभर ठरल्या महिन्यांना स्कॅन. नियम मोठा कडक. बाराव्या महिन्याचा स्कॅन नसेल तर त्या पेशंटचं अख्खं वर्ष बाद. आणि स्कॅन काढणाऱ्याने निकालाबद्दल पेशंटशी अवाक्षर बोलायचं नाही. पेशंटला नावही नाही, फक्त नंबर.

एक्केचाळीस नंबरच्या बाई पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं आणि म्हातारपणी ओळीतला नेमका वाचायचा तोच शब्द नाहीसा व्हायला लागला. डावा डोळा आधीपासूनच अधू. घरी एकट्या. चिठ्ठी निघाली ती सात दिवसांची. सात दिवस पालथं! तुम्ही सात मिनिटं राहून दाखवा. ताट जमिनीवर, मान खाली, झोपही तशीच. करायला कोणी नाही म्हणून बाईंनी आधीच डबे भरून पलंगाखाली रांगेत लावून ठेवले होते. फरशीवरच्या ठिपक्या-ठिपक्याशी ओळख झाली, असं त्या हनुवटीकरला सांगायच्या. दुसऱ्या कोणाला सांगणार?

आणि दर खेपेला उठता उठता विचारायच्या, "अहो फोटोवाले, बुजलं का हो?"

तो म्हणायचा, डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणायचे, वर्ष पुरं झालं की नक्की सांगू. नजर तर गोगलगायीसारखी येते, त्यामुळे बाईंना स्वतःला काही कळायला मार्ग नव्हता. हनुवटीकरला मात्र तिसऱ्या महिन्यापासून ठाऊक होतं. बुजलं होतं. साफ. ते शब्द त्याच्या जिभेवर यायचे आणि तो गिळून टाकायचा.

एकदा बाई त्याला म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्याच्या जागी मला अजून धूरच दिसतो, पण आवाज ओळखीचा झालाय. आठवडेच्या आठवडे माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि बोलणारा भेटतो तो हनुवटी ठेवा म्हणतो. दोघंही हसले. घरी गेल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही. हे त्याने मला नंतर सांगितलं.

बारावा महिना लागला. जानेवारीची दहा तारीख, मंगळवार. बाई आल्या तेव्हा पावणेसहा झाले होते, त्यांची बस चुकली होती. ह्याने यंत्र बंद करून वर कापडी झाकण घातलेलं. पुन्हा सुरू करायचं म्हणजे वीस मिनिटं. त्याला कुठे जायचं होतं? कुठेच नाही. नुसता कंटाळा आला. मुदतीला अजून चार दिवस आहेत, उद्या सकाळी या, म्हणाला.

बाई दारात उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "स्कॅन राहू द्या. नुसतं सांगा. बुजलं का?"

"डॉक्टर सांगतील."

"बरं," म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. अकरा वाजता ह्याने फोन लावला, तो शेजारणीने उचलला. बाई रात्री झोपेतच गेल्या होत्या. शेजारीण सांगत होती, पालथ्याच होत्या हो, त्या ऑपरेशनपासून सवयच लागली होती त्यांना...

आता त्या रात्रीचं ऐका. जानेवारीची एकोणीस तारीख, गुरुवार. काम तसं साधं होतं. सगळे स्कॅन एका डिस्कवर उतरवायचे आणि ती डिस्क सकाळी बाहेरगावच्या तपासणाऱ्यांकडे धाडायची. जे स्कॅन राहिले असतील त्यांची कारणं भरायची. हनुवटीकर रात्री नऊला खिशात डिस्क टाकून हॉस्पिटलात आला. खाली रखवालदार रेडिओ लावून बसला होता. वरच्या मजल्यावर चिटपाखरू नाही. स्कॅनची खोली तशीही अंधारी असते. त्याने फक्त कॉम्प्युटर लावला, यंत्रावरचं झाकण काढलंच नाही. डिस्क भरत राहिली, तो स्टुलावर बसून डुलक्या घेत राहिला.

दोन वाजता सगळं उतरलं. राहिली ती कारणं. एकच स्कॅन नव्हता. नंबर एक्केचाळीस, महिना बारावा. कारणं छापलेलीच होती, त्यातलं एक निवडायचं: पेशंट आला नाही. यंत्र बिघडलं. इतर. 'इतर' निवडलं की खुलासा लिहावा लागतो, आणि त्याच्याकडे खुलासा एकच होता. नोकरीवर बेतणारा.

त्याने थोडा वेळ विचार केला. मग निवडलं: पेशंट आला नाही.

आणि मागे झाकणाखाली यंत्राचा पंखा सुरू झाला.

त्याला वाटलं, आपलाच कुठेतरी धक्का लागला असेल. उठला. झाकण काढलं. आत हिरवी फुली पेटली होती. समोर पेशंटची खुर्ची. रिकामी. हनुवटीचा ठोकळा रिकामा.

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर डोळा होता. डोळ्याचा आतला भाग, रक्तवाहिन्यांची जाळी, राखाडी, धूसर. जुना फोटो उघडला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. तेवढ्यात चित्रावरून काळी पट्टी झरकन वरखाली झाली.

पापणी.

जुना फोटो पापणी लववत नाही.

तो स्टुलावर बसला. यंत्र मध्ये. पलीकडे खुर्ची. हात लांब करून बघावं, असं वाटलं त्याला... केला नाही.

चित्र खालीवर हलत होतं. नीट लागत नव्हतं. एखादं म्हातारं माणूस ठोकळ्यावर हनुवटी टेकवायला धडपडतं ना... तसं.

आणि त्याच्या तोंडून तेच निघालं, जे वीस वर्षं निघत होतं.

"हनुवटी ठेवा."

चित्र वर सरकलं. मध्ये आलं.

"कपाळ... टेकवा."

स्थिर झालं.

"हिरव्या फुलीकडे बघा."

डोळा थांबला. खाली अक्षरं आली. आधीची जागा सापडली. नंबर एक्केचाळीस. उजवा डोळा.

त्याने बटण दाबलं. थर उमटले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मध्ये कुठे खंड नाही. घड्याळात दोन वाजून नऊ मिनिटं.

"झालं," तो म्हणाला. "उठा आता."

डोळा गेला नाही.

एक पापणी. मग काही नाही. पुन्हा एक पापणी...

बाई वाट बघत होत्या. कशाची, ते त्याला कळत होतं. खाली रेडिओसुद्धा बंद झाला होता.

"बुजलं, बाई," तो म्हणाला. "तिसऱ्या महिन्यातच बुजलं होतं. तुमचे सात दिवस वाया नाही गेले. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही." मग अगदी हळू, "तुम्ही आला होता त्या दिवशी. मीच परत पाठवलं तुम्हाला."

...

पडद्यावरचं चित्र डहुळलं. असं कशाने होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यात पाणी आलं की होतं.

मग डोळ्याने फुली सोडली. जाळी सावकाश एका बाजूला सरकली. चित्र कुठे सरकलं त्यावरून डोळा कुठे बघतोय, हे तो झोपेतही सांगू शकला असता. डोळा वळत होता. यंत्राच्या कडेने. अलीकडे. स्टुलाकडे.

त्याच्या चेहऱ्याकडे.

किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. भीती वाटली, खूप वाटली. पण त्याहून जास्त रडू आलं, असं तो म्हणाला. इतका वेळ त्याच्याकडे कोणी बघितल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

मग पडदा काळा झाला.

उजाडेपर्यंत तो त्या स्टुलावरून हलला नाही. फक्त एक केलं. 'पेशंट आला नाही' खोडलं, 'इतर' निवडलं आणि लिहिलं: आल्या होत्या, मी परत पाठवलं.

सकाळी आठला मोठे डॉक्टर आले. ह्याने काही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर आधी संतापले, मग त्यांनी तो स्कॅन उघडला आणि जुन्या स्कॅनशी ताडून बघितला. डोळा बाईंचाच होता. तारीख, त्या गेल्यानंतर नवव्या दिवसाची. तो स्कॅन कुठे पाठवणार आणि काय म्हणून? पाठवला नाही. पण खुलासा वाचून त्यांनी दोष हॉस्पिटलचा धरला आणि वरच्यांशी भांडून बाईंचं वर्ष अभ्यासात ठेवून घेतलं. हनुवटीकरची नोकरीही राहिली.

पण हे पुढचं. त्या सकाळी स्कॅन बघता बघता डॉक्टरांचा हात थांबला. त्या स्कॅनच्या खाली आणखी एक स्कॅन होता. त्याच रात्रीचा. नंबर नाही, नाव नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक बारीक धागा ताणला गेला होता, आणि त्याने खालचा थर उचलायला सुरुवात केली होती. भोक अजून पडलेलं नव्हतं, पण पडणार होतं.

डॉक्टर म्हणाले, हा कोण आहे, त्याला आधी शोधा, आत्ता आला तर डोळा वाचेल. ह्याने दिवसभर नोंदी चाळल्या. कोणाशीच जुळेना. संध्याकाळी, पेशंट गेल्यावर, काय मनात आलं कोण जाणे, तो यंत्राच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या ठोकळ्यावर त्याने स्वतःची हनुवटी ठेवली, आणि डॉक्टरांना म्हणाला, दाबा बटण.

आधीची जागा सापडली.

ऑपरेशन वेळेवर झालं. त्यालाही सात दिवस पालथं राहायचं होतं. बहीण काही येऊ शकली नाही, म्हणून डबा मी न्यायचो. ताट जमिनीवर ठेवायचो आणि शेजारी बसायचो. हे सगळं त्याने मला तेव्हा सांगितलं, फरशीकडे बघत. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

पुढे मीही तो स्कॅन बघितला. डॉक्टरांनी मला स्वतः दाखवला. खाली वेळ होती दोन वाजून सोळा मिनिटं. त्या वेळी हा स्टुलावर होता, त्या खुर्चीकडे गेलेलाच नव्हता. आणि त्या वेळेच्या बाजूला एक रकाना असतो, स्कॅन कोणी काढला त्याचा. एरवी तिथे त्याचं नाव आपोआप पडतं. त्या रात्री तिथे नाव नव्हतं...

नुसता आकडा होता. एक्केचाळीस.