मागे घ्यायला वीस सेकंद

दिवे गेले. लॅपटॉप बॅटरीवर तगला, पण नेट गेलं आणि ते परत येताच ऑर्डरी लिहायचं माझं वेबपान पांढरंफटक! सरकारी वीज जाऊन गल्लीतला जनरेटर लागेपर्यंतची पाच-सात मिनिटं… बैरुतमध्ये कुणाला नवीन? पण त्यात चाळीस गुच्छांची ऑर्डर पुसली गेली होती.

"मेलं हे पान!" मी ओरडले.

"पानाला काय बोलता? बनवणाऱ्याला बोला," गार्डेनियाची फुलं निवडणारं एक गिऱ्हाईक म्हणालं. "मी नीट करून देऊ? माझं कामच आहे ते."

तो वजदी. मग रोज दुपारी, मी काम करते त्या नख्ले काकांच्या फुलांच्या दुकानात येऊ लागला. ब्राउझरमधल्या आमच्या पानाला तो चक्क संगणकात बसवलेल्या प्रोग्रॅमसारखं वागायला शिकवत होता. आता ऑर्डर माऊसनं उचलून दुसऱ्या तारखेवर ठेवता यायची. चुकलं तर 'मागे घ्या'चं बटण… वीस सेकंद.

"माणसांना का नसतं रे असं बटण?"

"अगं रिंदाला, आधी माणसं बोलतात तरी कुठे?"

हे कुणाबद्दल म्हणाला? माझ्याबद्दल? स्वतःबद्दल? येतो तो पानासाठी, काकांच्या कॉफीसाठी, की… दाराशी पाऊस, मेजावर ओली फुलं, मनात नुसता गुंता.

आज म्हणाला, "काम संपलं. माँट्रियलची नोकरी आलीय. उद्या उत्तर द्यायचंय."

"मग दे की होकार," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे!

तेवढ्यात वीज गेली. माझी एक जुनी खोड होती — नेट नसताना ऑर्डरच्या चौकटीत मनातलं लिहायचं. पुसलंच जातं, कुणाला कळतंय? लिहिलं, 'वजदी, नको ना जाऊस.'

जनरेटर घरघरला. पान पांढरं झालंच नाही! खाली अक्षरं उमटली — 'पाठवलं.' समोर त्याचा फोन किणकिणला. चाचणीसाठी प्रत्येक ऑर्डर अजून त्याच्या फोनवरही जायची.

"पण… नेट नव्हतं!"

"नसलं तरी लिहिलेलं जपायचं, आलं की पाठवायचं. आजच बसवलंय." त्याचे कान लाल झाले होते. "बटण आहे अजून. मागे घेतलंस तर… मी वाचलंच नाही."

बारा… सात… बोट बटणावर तसंच.

बटण विझलं.

त्यानं फोनवर काहीतरी दाबलं. माझ्या पानावर हिरवी अक्षरं — 'ऑर्डर स्वीकारली.'

"पत्ता लिहायचा राहिलाय," तो हळूच म्हणाला.

"हाच."