कुसाबाईची वाटी

दुपारी संस्थेच्या उज्ज्वलाताईंकडे कंडोमची पाकिटं आणायला गेले होते. त्या म्हणाल्या, "शुभांगी, तुझी रक्ततपासणी चांगली आली. अशीच जप स्वतःला." खुशीत गल्लीत परतले, तर घरमालकाने शेजारची कुसाबाईची खोली आतून हिरवी रंगवून घेतली होती. त्याने माझ्यासमोरच दाराला कुलूप घातलं.

आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये नुसता पत्रा. गिऱ्हाईक पाकिटाला तयार नसलं की पत्र्यावर वाटी आपटायची, पलीकडचीने वाटीनेच उत्तर द्यायचं आणि सगळ्यांनी दारात जमायचं. ही रीत कुसाबाईनेच घातली. पण तिचा स्वतःचा माणूस आला की वाटी गप्प. "त्याच्यासाठी काय वाजवू? लाज वाटती गं," म्हणायची. त्याच्याकडूनच आजार घेऊन ती मागच्या महिन्यात गेली. तिची वाटी मी आठवण म्हणून माझ्या फळीवर ठेवली.

संध्याकाळी गोरक्ष आला. हा माझा माणूस. पिंपळगावहून येताना द्राक्षं आणतो, मला बायको म्हणतो. लाईट गेली होती. पत्र्याच्या फटीतून ओल्या रंगाचा वास येत होता. मी पाकीट पुढे केलं.

"आपल्यात हे कशाला? मी काय गिऱ्हाईक हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाकीट उशीखाली सरकवलं.

टण्... टण्...

"कोण हाय पलीकडं?"

पलीकडे कुणीच नव्हतं. तरी मी म्हणाले, "उंदीर... असेल."

पत्रा थरथरायला लागला. आवाज थांबेना. मग अगदी हळू, पत्र्याला तोंड लावून बोलावं तसं ऐकू आलं, "शुभे... उत्तर दे गं..."

गोरक्ष चपला हातात घेऊन पळाला. मी मात्र थांबले. वाटी आपटते ती अडचणीतली बाई. जन्मभर लाजेने जी हाक तिने दाबली, ती आज मारली, आणि मी तिला उंदीर म्हटलं. तेही गोरक्ष रागावू नये म्हणून! इतकी लाज मला या धंद्याचीसुद्धा कधी वाटली नव्हती.

उत्तर द्यायला फळीवरची वाटी चाचपडत उचलली. बोटांना काहीतरी चिकट लागलं. मोबाईलच्या उजेडात पाहिलं... वाटीच्या काठाला ओला हिरवा रंग होता.

वाटी माझ्या हातात होती, आणि पलीकडे अजून वाजत होतं.