शब्द सुचतात ती जागा

"आतमंदी गाणं म्हटलं तर चालते का?"

मनगटातलं कडं काढता काढता त्यानं विचारलं आणि दामिनीला हसू आलं. भंडाऱ्याच्या त्या एमआरआय सेंटरमध्ये ती टेक्निशियन होती. मशीनमध्ये शिरताना लोक देवाचं नाव घेत, कुणी घाबरून रडत. गाण्याची परवानगी मागणारा हा पहिलाच.

"ओठ हलले की डोकं हलते. फोटो बिघडन."

"मंग मनातल्या मनात म्हणतो. तुम्हाले ऐकू आलं तर सांगजा."

तो प्रफुल्ल, सानगडीचा. झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारा नायक. तालमीत गाता गाता तो कोसळला, हातपाय झटकू लागला, म्हणून वडील टेकचंद त्याला घेऊन आले होते.

मशीनची धडधड सुरू झाली. काचेअलीकडे बसलेल्या दामिनीच्या पडद्यावर त्याच्या मेंदूचे काप एकामागून एक उमटू लागले. मग शिरेतून औषध सोडलं, आणि डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर, माणसाला शब्द सुचतात त्या जागेला लागून, एक पांढरा डाग उजळला.

"काय दिसलं?" बाहेर येताच त्यानं विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील."

"तुम्ही माह्याकडे पाहूनच नाही राहिल्या..." तो हळूच म्हणाला. ती उगाच चादर नीट करत राहिली.

नागपूरला ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. मग दर काही महिन्यांनी तो तपासणीला येऊ लागला, टाक्यांच्या खुणेवर टोपी ओढून. स्कॅन चांगला निघाला की तिची ड्यूटी संपेपर्यंत बाहेर थांबायचा. तिचं घर नदीपलीकडे कारध्याला. दोघं पुलावरून चालत जायची. वैनगंगेवरच्या वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या खांद्यावर जायची... तिला ती ओढून घ्यावीशी वाटायची नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"तुह्या घरी येऊ का विचारायले?" एका संध्याकाळी तो म्हणाला.

"पुढचा फोटो होऊ दे."

"फोटोले विचारून लगन करशीन का?"

ती हसली. हो म्हणायचं राहून गेलं.

पुढच्या स्कॅनमध्ये डाग परतला होता. पहिल्यापेक्षा मोठा, कडा पसरलेल्या. दामिनीनं काम पुरं केलं, मग आतल्या खोलीत जाऊन ओढणी तोंडात कोंबून रडली. बाहेर आली तेव्हा तो बाकावर बसला होता.

"उद्या ये घरी," ती म्हणाली. "बाबाले सांगून ठेवते."

त्यानं तिचे लाल झालेले डोळे पाहिले. तो सगळं समजला.

"दामिनी, मले... ते..." शब्द सापडेना. त्यानं कपाळावर मूठ दाबून धरली. "दया. दया नाही पाहिजे."

"दया नाही. माहा स्वार्थ आहे. तू बोलून राहिला तवरक मले ऐकून घ्यायचं आहे."

"तुले काय भेटन?"

"जेवढं असन तेवढं."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. फोन उचलणंही त्यानं बंद केलं. पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, एवढं तिला रिपोर्टवरून कळलंच होतं. शेवटी तिनं बॅग भरली.  बाबा तिला एसटीवर सोडून आले.

सानगडीच्या घरी, ओसरीतल्या खाटेवर प्रफुल्ल टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित.

"आता कोनाचंच नाव नाही येत त्याले," टेकचंद दारातूनच म्हणाले. "मले 'गाडी' म्हणते. मायले 'भात' म्हणते. तू कायले आली, बाई? इथं काही उरलं नाही."

"राहायले आली," दामिनी म्हणाली.

ती खाटेच्या कडेला बसली. त्यानं मान वळवली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"पाणी..."

ती तांब्या घ्यायला उठली. डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट पकडलं, मान हलवली... पाणी नको होतं. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हटेना.

"पाणी," त्यानं पुन्हा हाक मारली.

"ओ," दामिनी म्हणाली.