कोंबडीच्या उंचीवरून

खर्र... खर्रर्र!

स्वयंपाकघरातल्या शांततेत एवढाच आवाज झाला आणि ओट्यापाशी उभी असलेली ताई दचकून वळली. कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तांबडीने नख ओढलं होतं. म्हणजे अजून धुगधुगी होती!

"हलली! ताई, हलली ती!" खोक्याला कान लावून बसलेली बारकी ओरडली.

ताईने खोक्यात डोकावून पाहिलं. तांबडी पंख पाडून बसली होती. कालपर्यंत लालबुंद असलेला तिचा तुरा आज फिका पडला होता. चोचीशी ठेवलेल्या पाण्याकडे ती बघतही नव्हती.

बाराच दिवस झाले होते कोंबड्या येऊन. सुट्टी लागली तेव्हापासून ताई आणि बारकी, दोघी बहिणी, आईच्या मागे भुणभुण करत होत्या. शेवटी आई म्हणाली, "मी दिवसभर कामावर. त्यांचं सगळं तुम्हीच करायचं. कबूल?" कबूल! मग मामाने मागच्या अंगणात खुराडं बांधलं, खुराड्यापुढे जाळी लावून फिरायला जागा केली आणि सहा कोंबड्या आल्या. काळी, तांबडी, पांढरी, कबरी, बुटकी आणि मुकी. मुकीला मुकी म्हणायचे, कारण ती सगळ्यांत जास्त कलकलाट करायची!

आणि आज सकाळी बारकीने खुराड्याचं दार उघडलं, तेव्हा काळी एका कुशीवर पडलेली होती. ताठ. आता ती वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या पायरीवर ठेवली होती.

"पाच वाजता गाडी येतेय," मामा फोन खिशात टाकत आत आला. घरापुढच्या खोलीत मामाचं रेडिओ-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. "पलीकडच्या आजोबांनी पशुसंवर्धन खात्याच्या ऑफिसात कळवलं. म्हणतात, साथ आहे. उरलेल्या कोंबड्या घेऊन जाणार."

"घेऊन जाणार म्हणजे? कुठे?"

मामा नळाकडे बघत राहिला. "म्हणजे... घेऊन जाणार."

ताईला कळायचं ते कळलं.

"आणि बारके," मामा वळला, "काल काय चारलंस गं काळीला?"

"कलिंगडाच्या बिया," बारकी पुटपुटली.

"बघ! मी म्हटलंच होतं, सहा वर्षांच्या पोरीच्या हाती डबा देऊ नका. काय काय चारलं असेल कोण जाणे!"

मामा बोलून गेला. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. पण बारकीने आपले दोन्ही हात हळूच मागे नेले आणि पाठीशी धरून ठेवले. ताईने बिस्किट पुढे केलं तरी तिने हात पुढे केला नाही.

"हातांना काय झालं?"

"माझ्या हातातनं खाल्लं म्हणून मेली ती," बारकी म्हणाली. ती रडतही नव्हती, आणि हेच ताईला सहन होईना.

तेवढ्यात मागच्या भिंतीवरून कुणीतरी धपकन उडी मारली. पंडित! पलीकडच्या आजोबांचा नातू, सुट्टीत आलेला. अकराव्या वर्षीच त्याला जगातलं सगळं ठाऊक होतं. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

"तुझ्याच आजोबांनी फोन केला!" ताई अंगणात येऊन त्याच्यावर कडाडली.

"माहितीये. मी समोरच बसलो होतो. ते म्हणाले, साथ आहे. मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, गपचूप जेव!" पंडितने खिशातून वही काढली. "पण मी विचार केलाय. काळी रात्री दांडीवर कुणाच्या मधे बसायची?"

"पांढरी आणि कबरीच्या," बारकी दारातूनच म्हणाली.

"आणि तांबडी?"

"एकदम टोकाला. तिला कुणी जवळ घेत नाही."

"मग साथ असती तर आधी कोण आजारी पडलं असतं? पांढरी नाहीतर कबरी! त्या तर बघ, मस्त माती उकरतायत. साथ उड्या मारत टोकाला कशी गेली?"

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. एरवी पंडितच्या फुशारक्यांनी तिचं डोकं उठायचं, पण हे मात्र खरं होतं!

"म्हणजे काळी आणि तांबडीत काहीतरी सारखं आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांत नसलेलं. बारके, तूच सांग. तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

बारकी दारातून जाळीपाशी आली. मग म्हणाली, "त्या दोघी चोरट्या आहेत."

"चोरट्या?"

"काळी माझ्या बुटाचं बक्कल ओढायची. तांबडीनं आईच्या कानातल्यावर चोच मारली होती. चमकतं ते त्यांना हवंच असतं."

तिघंही जाळीचं दार उघडून आत गेली. इकडे बघ, तिकडे बघ. चमकणारं काही म्हणजे काही नव्हतं! माती, सुकी पानं, दाण्याचं पातेलं. बस्स.

"तुम्हाला नाही दिसायचं," बारकी म्हणाली. "तुम्ही उंच आहात ना. कोंबडी कुठे वरून बघते?"

आणि हात तसेच पाठीशी धरून ती मातीत पालथी झाली, गाल जमिनीला टेकवून! पंडित हसणार होता, पण हसला नाही. त्यानेही चष्मा पुसला आणि पोटावर आडवा झाला. मग ताईही.

दुपारचं ऊन तिरपं झालं होतं. या उंचीवरून अंगण वेगळंच दिसत होतं. मातीचे डोंगर, पानांची छपरं, मुकीचे भलेमोठे पाय. आणि दूरवर, जाळीच्या कडेला, एक बारीकशी चांदणी लुकलुकली.

"ती बघ!" बारकी किंचाळली. "आणि तिथे दुसरी!"

ताई सरपटत गेली. बोटांनी माती बाजूला केली. नखाएवढा तारेचा तुकडा! दोन्ही टोकं तिरपी कापलेली.

तिने तो हातात घेतला. जाळी लावली तो दिवस तिला जसाच्या तसा आठवला. जाळी तिने दोन्ही हातांनी ताणून धरली होती आणि मामा पकडीने कडा कापत होता. टिक्, टिक्, टिक्. तुकडे टुणटुण उडत होते. एक तर तिच्या वेणीत अडकला होता आणि दोघं पोट धरून हसले होते. "हे गोळा करायचे का रे?" तिने विचारलं होतं. "कशाला? माती खाऊन टाकेल!" असं म्हणत मामाने चपलेने सगळे तुकडे मातीत सारले होते.

"काय गं? काय झालं?" पंडितने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली आणि तिने मूठ मिटली.

क्षणभरच. सांगितलं तर मामाची चूक निघणार होती, तिचीही. नाही सांगितलं तर? तिची नजर बारकीच्या पाठीशी घट्ट धरलेल्या हातांवर गेली. तिने मूठ उघडली.

"हे आमचे आहेत. जाळी कापताना पडलेले."

पंडितने शीळ घातली. "किती असतील?"

"मोजू या!"

ती धावत दुकानात गेली. "मामा, फुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊ?"

"घे, घे," मामा पंख्यातून डोकं वर न काढता म्हणाला. "खेळा काहीतरी. तेवढाच कोंबड्यांचा विचार डोक्यातून जाईल."

चुंबकाला दोरी बांधून त्यांनी ते जाळीच्या कडेकडेने मातीतून ओढलं. एकच फेरी! वर काढलं तर चुंबकाला चक्क दाढी फुटली होती. तारेच्या तुकड्यांची दाढी! दुसऱ्या फेरीत तेवढीच. पंडित मोजत गेला आणि मोजता मोजता त्याचा आवाज बारीक होत गेला. सत्तेचाळीस.

"पण काळीच्या पोटात हे गेलंच असेल कशावरून?" तो म्हणाला. "आजोबा हेच विचारणार."

ताईने पायरीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. "ते एकच माणूस सांगू शकेल."

साडेतीन वाजले होते.

"पंडित, तू इथेच थांब. गाडी आली तर—"

"गाडीवाल्याचं मी बघतो! पळा तुम्ही!"

ताईने एका हाताने तांबडीचं खोकं छातीशी धरलं, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचं गाठोडं घेतलं आणि दोघी बहिणी निघाल्या. रस्त्याच्या टोकाला जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई हात धुऊन निघायच्याच तयारीत होत्या. ताईने धापा टाकत सगळं सांगितलं आणि खिशातले दोन-चार तुकडे टेबलावर ठेवले. बाईंनी एक तुकडा उजेडात धरून पाहिला आणि निमूटपणे पुन्हा हातमोजे चढवले.

"हिला उघडून बघावं लागेल," त्या गाठोड्याकडे बघत म्हणाल्या.

"तिला दुखेल?" बारकीने विचारलं.

"नाही, बाळा. आता तिला काहीच दुखत नाही."

बारकी बाहेरच्या बाकावर बसली. ताई म्हणाली, "मी थांबते. मला बघायचंय." बाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि मान हलवली.

"कोंबडीला दात नसतात," त्या काम करता करता सांगत होत्या. "पोटात दाणे दळणारी एक जाड पिशवी असते. त्यात खडे असतात, जात्यासारखे. आणि जात्यात तार पडली तर तीही दळली जाते. तारेवर जस्ताचा मुलामा असतो, तो विरघळून रक्तात उतरतो. म्हणून तुरा फिका पडतो..."

टण्!

स्टीलच्या ताटलीत पहिला तुकडा पडला. मग दुसरा. एकूण सात. खड्यांवर घासून घासून ते मामाच्या पकडीपेक्षाही लखलखीत झाले होते. ताईचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही.

"आणि कलिंगडाच्या बिया?" तिने कसंबसं विचारलं.

बाईंनी चिमट्याने तीन काळ्या बिया बाजूला काढल्या. "या बघ. या बिचाऱ्यांनी काहीच केलं नाही. बिया तर कोंबड्या आवडीने खातात!"

ताई दार ढकलून बाहेर धावली. "बारके! बियांनी नाही! तुझ्या बियांनी काही झालं नाही!"

बारकी तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि सकाळपासून कोंडलेलं रडू एकदम फुटलं.

बाईंनी तांबडीला इंजेक्शन दिलं, चोचीत थेंब थेंब घालायचं औषध दिलं. "आशा आहे," त्या म्हणाल्या. "पण वचन नाही हं देत." आणि एक चिठ्ठी लिहून शिक्का मारला.

दोघी धावत घरी आल्या तर दारात गाडी उभी! हातमोजे घातलेला माणूस पोती घेऊन अंगणात शिरला होता. मामा मान खाली घालून उभा होता, आजोबा काठी टेकून. आणि खुराड्याच्या दारापुढे, हातात सरकारी कागद धरून, पंडित!

"अहो काका, पण इथे 'आजाराचे नाव' असा रकाना आहे. तो रिकामाच आहे!"

"अरे बाबा, साथ म्हणून लिही!"

"साथ हे काय आजाराचं नाव झालं? आणि खाली पशुवैद्याची सही कुठाय? आजोबा, तुम्हीच रोज सांगता ना, अर्धवट कागदावर काम करायचं नाही म्हणून?"

आजोबा खाकरले. "सांगतो खरा."

"वीस मिनिटं झाली, हे पोरगं मला आत जाऊ देत नाहीये!" गाडीवाला कपाळाला हात लावून म्हणाला.

"सही आणलीये!" ताईने चिठ्ठी पुढे केली.

मामाने ती मोठ्याने वाचली. "संसर्गजन्य आजार नाही. पोटात तारेचे सात तुकडे सापडले... तारेचे तुकडे? कुठून आले तारेचे तुकडे?"

ताईने जाळीपाशी राहिलेलं ते दाढीवालं चुंबक आणून पायरीवर ठेवलं.

"मामा, तू जाळी कापत होतास आणि मी धरली होती. मला ते पडताना दिसत होते."

मामा हळूच पायरीवर बसला. चुंबकाकडे बघत राहिला. मग आपल्या चपलेकडे.

"मीच सारले मातीत," तो म्हणाला. "आणि वर हिला बोललो." त्याने बारकीला जवळ ओढलं. "बारके, तुझ्या हातांचा काही दोष नव्हता गं. चूक माझी होती."

"आणि माझी," ताई म्हणाली.

गाडीवाल्याने पोती घडी करून काखेत मारली. "रिकामी गाडी घेऊन आज पहिल्यांदाच परत चाललोय," तो पंडितच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "बरं वाटलं!"

आजोबा मात्र काठी टेकत जाळीपाशी गेले. "चाळीस वर्षं हिशेब तपासले मी," ते म्हणाले, "आणि आज न तपासता फोन उचलला. पोरांनो, तुम्ही पोटावर झोपून जे पाहिलंत, ते आम्ही उभ्या उभ्या हुकवलं."

संध्याकाळी आई कामावरून आली. सगळं ऐकून घेतल्यावर ती ताईला एवढंच म्हणाली, "चूक शोधणं सोपं असतं गं. त्यात स्वतःचं नाव घालणं अवघड. ते तू केलंस."

पुढचे दोन दिवस मामाने दुकान अर्धाच वेळ उघडं ठेवलं. गुडघ्यांवर बसून त्याने वीत न वीत माती चाळली. आणखी एकोणतीस तुकडे निघाले. काळीला त्यांनी त्याच संध्याकाळी दवाखान्यातून आणून भिंतीकडेला पुरलं होतं.

पाचव्या दिवशी तांबडी खोक्याबाहेर आली. पाय लटपटत होते, तुरा अजून फिकाच होता, पण ती चालत चालत थेट बारकीपाशी गेली. बारकीने ताईकडे पाहिलं. मग सावकाश हात पुढे केला आणि ओंजळ उघडली. तांबडीने मान तिरकी करून दाण्यांकडे पाहिलं आणि टिपायला सुरुवात केली.

ताई शेजारी उकिडवी बसली. बारकी हात जराही न हलवता, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"ताई, काळीला वाटलं असेल का गं, की ते तुकडे आपणच तिला खायला टाकलेत?"