निम्मी गोळी

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत वृंदा डबा खात होती. सव्वा वाजता फोन थरथरला. पडद्यावर दोन ओळी होत्या. पेटी : साडेबाराला गोळी दिली. पट्टी : शरीरात निम्मीच पोचली.

तिच्या सात वर्षांच्या ऊर्वीला फिट्स यायच्या. दुपारची गोळी शाळेतच घ्यावी लागे, म्हणून वर्गात औषधपेटी बसवली होती. ऊर्वीनं अंगठा टेकला की ती एकच गोळी बाहेर सोडी. मनगटावरची काचेसारखी घामपट्टी मात्र पेटीवर विश्वास ठेवत नसे. रक्तात औषध किती उतरलं, ते ती घामावरून ओळखे.

वृंदानं वर्गाच्या बाईंना फोन लावला.

"घेतली की हो," ठोंबरे बाई म्हणाल्या. "पेटी माझ्यासमोर उघडली. पोरीनं घाम पुसला असेल, म्हणून तुमची पट्टी काहीबाही सांगतेय."

"असेल. तरी मी येतेच."

ती शाळेत पोचली तेव्हा व्हरांड्यातली अंगतपंगत नुकतीच उठली होती.

"गोळी सगळी खाल्लीस ना गं?" तिनं ऊर्वीला विचारलं.

ऊर्वीनं मान खाली घातली. "निम्मी जुईला दिली. शेजारच्याला दिल्याशिवाय आपण खायचं नाही, असं बाईच म्हणतात. मी लाडू दिला, तर म्हणते, रोजचं ते पांढरं दे. अप्पलपोटी म्हणाली मला."

"अगं माझे बाई!" ठोंबरे बाई मटकन खालीच बसल्या. "ते डब्याचं सांगितलं होतं गं!"

जुई बाकावर डोकं टेकून पेंगत होती.

गेल्या वर्षी वृंदाचे वडील गेले, तेव्हा त्यांच्या पेटीतही रोजची नोंद चोख होती. गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या. समोर बसून पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळायला लावणारं कुणी नव्हतं.

बाईंनी जुईला खांद्यावर घेतलं, तिच्या आईला बोलावलं आणि सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर साबण्यांनी जुईला तपासलं, तिच्याही मनगटावर पट्टी लावली आणि ऊर्वीला कमी पडलेली निम्मी गोळी दिली.

"जुईला झोप येईल, घाबरू नका. पण पट्टीवरचा औषधाचा आकडा उतरेपर्यंत इथंच बसायचं."

चार वाजता आकडा उतरला. जुई उठली आणि म्हणाली, "भूक लागलीय." तिची आई रडता रडता हसली. बाईंनी पदरानं डोळे टिपले. वृंदानं भिंतीला पाठ टेकली. खांदे किती आखडले होते, ते तिला तेव्हा कळलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "जूनपासून कातडीखाली बसवायचा दाणा मिळेल. औषध आपोआप सुटत राहील. पेटी नको, बाई नकोत. वर्गात कुणाला पत्ताही लागणार नाही." त्यांनी संमतीचा कागद दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पंगत बसण्याआधी ऊर्वीला पुढं बोलावलं. गोळी औषध आहे, खाऊ नव्हे, हे वर्गाला समजावलं. मग जुई स्वतःहून पाण्याचा पेला घेऊन आली. ऊर्वीनं गोळी गिळली, तशी जुई तिच्या तोंडात डोकावत म्हणाली, "आ कर. जीभ वर कर. हं, गेली!"

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या वृंदानं कागदाची घडी उलगडली. दाणा चुकणार नव्हता, विसरणार नव्हता. सही करायला काहीच हरकत नव्हती. पण मग रोज साडेबाराला ऊर्वीसमोर पेला घेऊन कोण उभं राहणार?