गाडीवर कोण होतं?

मैनाने पेढ्यांचा पुडा हातात घेतला आणि दुसऱ्याच क्षणी दारातून बाहेर अंगणात भिरकावून दिला.

"आत्या!" राही कळवळली.

"आत्या म्हणू नकोस मला! काल सत्काराच्या माईकसमोर उभी राहिलीस, तेव्हा आठवली होती का ही आत्या? 'मला माझ्या बाबांनी घडवलं' म्हणालीस... सगळ्या रत्नागिरीने ऐकलं! मीसुद्धा ऐकलं, गॅरेजात, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर, हातात पाना धरून!"

राही खाली मान घालून उंबऱ्याशी उभी होती. सव्वीस वर्षांची, उन्हाने रापलेली, मनगटावर शस्त्रक्रियेचा लांब व्रण. थायलंडच्या मोटोक्रॉस स्पर्धेत, चिखलाच्या उंचवट्यांवरून गाडी उडवत, ती आशियातल्या मुलींमध्ये तिसरी आली होती. आता स्पेनमधल्या एका संघाने तिला बोलावलं होतं. पूर्णगडच्या पोरीचं नाव वर्तमानपत्रांत झळकत होतं... आणि ते नाव वाचताना मैनाच्या काळजात अभिमानाच्या आधी संताप उसळत होता!

का नाही उसळणार? राही तीन वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. बाप, म्हणजे मैनाचा दादा गुरुप्रसाद, वर्षातले नऊ महिने बोटीवर नोकरीला. मैनाला तेव्हा गुहागरचं चांगलं स्थळ सांगून आलं होतं. पण कडेवरचं पोर सोडवेना, म्हणून तिने नकार कळवला आणि पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. आयटीआयमध्ये ती गाड्या दुरुस्त करायला शिकली होती. एका मोडक्या लुनाचं इंजिन काढून तिनेच सात वर्षांच्या राहीसाठी छोटी गाडी जुळवली, गावावरच्या तांबड्या सड्यावर, त्या मोकळ्या पठारावर तिला नेलं, आणि पोर कातळावरून धडपडत, गुडघे फोडत, हसत हसत चालवायला शिकली. तिच्यामागे धावून धावून मैनाच्या पायांना फोड यायचे.

चौदाव्या वर्षी राहीची पुण्याच्या सराव शिबिरासाठी निवड झाली. त्याच आठवड्यात, भर दुपारी, शंभरदा बजावलेलं असतानाही तिने गाडी गावातल्या उताराच्या पाखाडीवर, त्या अरुंद दगडी वाटेवर घातली... आणि वळणावर आजी, मैनाची आई, समोर आली! मैना धावत पोचली तेव्हा आई जमिनीवर विव्हळत होती, आणि राही मैनाच्या पदराला बिलगली होती. "आत्या, बाबा गाडी जाळतील गो... मला कधीच जाऊ देणार नाहीत..."

रजेवर आलेला दादा धावत आला. आईकडे बघून त्याने डरकाळी फोडली, "गाडीवर कोण होतं?"

"मी," मैना म्हणाली.

आईने पडल्या पडल्या लेकीकडे पाहिलं. मैनाने तिचा हात घट्ट दाबला. त्या माउलीला सारं कळलं... आणि तीही गप्प राहिली. राहीला पुण्याला धाडायचा हट्ट मात्र तिने अंथरुणावरून धरला आणि पुरा करून घेतला.

मैनाला दादाने त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं. ती रत्नागिरीला एका गॅरेजात कामाला लागली. आई पुन्हा पायावर उभी राहिली नाही; दोन वर्षांनी गेली. मैना रत्नागिरीहून ऊर फुटेस्तोवर धावत आली, तर दादा दारात आडवा उभा! "जिने मारलं तिने तोंड बघायचं नाही!" सारी आळी ऐकत होती. आणि बापाच्या पाठीमागे सोळा वर्षांची राही उभी होती. एक शब्द... फक्त एक शब्द तिने उच्चारला असता, तर मैनाला आईच्या पायांवर डोकं ठेवता आलं असतं!

"मी लहान होते, आत्या..."

"चौदाची होतीस तेव्हा मीच तुझं तोंड दाबलं, कबूल! पण सोळाची झालीस, अठराची झालीस, वीसची झालीस... तेव्हा कोणी दाबलं होतं? उंच उंच उड्या मारतेस गो तू, सगळं जग टाळ्या वाजवतं. बापासमोर खरं बोलायचं तेवढं धैर्य नाही झालं तुला! नीघ इथून!"

राही गेली. मैनाने दार लावून घेतलं, आणि मग तिला इतकं रडू कोसळलं की श्वास पुरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गॅरेजसमोर रिक्षा थांबली. दहा वर्षांनी मैना दादाला समोरासमोर पाहत होती. केस पार पांढरे झाले होते, पण डोळ्यांतला अंगार तोच!

"का केलंस हे?" तो ओरडला. "राहीने काल सगळं सांगितलं. मला पापी केलंस तू, मैना! आईच्या प्रेतावरून बहिणीला हाकललं मी... माझ्या हातून करवून घेतलंस! एकदा खरं सांगायचं होतंस!"

"तू ऐकून घेतलं असतंस? त्या पोरीचं आयुष्य तिथेच संपवलं असतंस!"

"संपवलं असतं की नसतं, ते ठरवायचा हक्क माझा होता! तू मोठी झालीस, त्यागी झालीस... आणि मी? बोटीवरची नोकरी सोडून घरी बसलो, आणि रोज आईला भरवताना तुला शिव्या घातल्या गो! ती माउली घास तोंडात धरून नुसती रडायची. मला वाटायचं, दुखतंय म्हणून रडते..."

त्याचा आवाज फुटला. बारा वर्षं आपण एकटीच जळलो असं मैनाला वाटत होतं. आपल्या मौनाने आईचे अखेरचे दिवसही भाजून काढले, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. रागाच्या आड लपलेली स्वतःची चूक तिला प्रथमच दिसली.

"राही कुठे आहे?" तिने हलकेच विचारलं.

दादाने मान फिरवली. "आज पहाटेच घालवून दिली. म्हटलं, स्पेनला जा नाहीतर मसणात जा, या घरात पाऊल टाकू नकोस. इथल्या स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसली असेल."

मैनाने हातातला पाना फरशीवर आपटला. सगळं गॅरेज दणाणलं.

"एकीला हाकलून तुझं समाधान नाही झालं? तुझ्यासमोर खरं बोलायला घाबरतात माणसं, ती यासाठीच! बारा वर्षांनी पोर खरं बोलली, आणि तू तिलाच बाहेर काढलंस? चल! आत्ताच्या आत्ता चल!"

"मैना..." तो तिच्या पायांकडे वाकला.

"माझ्या पाया नको पडू. तिला घरी ने."

राही स्टँडच्या बाकावर हेल्मेट मांडीत घेऊन बसली होती. दोघांना एकत्र येताना बघून ती उठली. दादा तिच्यासमोर गेला आणि त्याने तिची बॅग उचलून खांद्याला लावली. पोरीने तोंडावर हात घेतला.

मैना दोन पावलं लांब उभी होती. राही तिच्याकडे धावली.

"मला माफ कर गो आत्या..."

"नाही केलं," मैना म्हणाली. डोळे घळघळ वाहत होते, पण आवाजात ठिणगी होती. "राग आहे अजून, आणि राहणार आहे. स्पेनहून येशील तेव्हाही असेल कदाचित." मग तिने राहीचं मनगट हातात घेतलं, त्या लांब व्रणावरून अंगठा फिरवला. "हे कधी झालं? मला का नाही कळवलंस?"

राही हुंदके देत सांगू लागली. पूर्णगडची एसटी लागली. दादाने खिडकीजवळची जागा धरून दोघींना हाक मारली, आणि मैना ऐकत ऐकतच गाडीत चढली.