पडद्यामागची सीता

"माझ्या मुलीने खून केलेला नाही," त्या बाई दारातच म्हणाल्या आणि मग बसल्या.

आत्याने चष्मा पुसून घातला. नवरा गेल्यावर तिने खासगी तपासाचा धंदा काढला होता आणि त्यात भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. शेजारी तिचा भाचा बसला होता. तो पोलिसांचा डॉक्टर, आणि कालच्या प्रेताची तपासणी त्यानेच केली होती. त्यामुळे त्या आईकडे बघणं त्याला जड जात होतं.

हकीकत साधी होती. एका नामवंत नर्तकीचा कार्यक्रम होता. मध्यंतरानंतर एकच नृत्य, सीता धरणीच्या पोटात जाते तो प्रसंग. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, प्रेक्षकांना दिसते ती फक्त सावली. सावली जमिनीत विरली तसं सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबायच्या आतच नर्तकीची धाकटी बहीण पडद्यापुढे येऊन म्हणाली, ताई दमली आहे, आज कोणाला भेटणार नाही. तरीही या बाईंची मुलगी, नर्तकीची लाडकी शिष्या, पहिल्या रांगेतून उठून आत गेली. मग तिची किंकाळी ऐकू आली. रंगपटात गुरू मरून पडली होती. गळ्याला ओढणी आवळलेली, घुंगरू शेजारी.

"नृत्य संपल्यावर आत फक्त तीच गेली, असं म्हणतात," आई म्हणाली. "बहीण सगळ्यांसमोर उभी होती. नर्तकीचे यजमान मृदंग घेऊन पडद्यापुढेच बसलेले. उद्या माझ्या पोरीला कोर्टात उभी करतायत."

"मृत्यूची वेळ?" आत्याने भाच्याला विचारलं.

"अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावंच लागतं."

"इतकं शिकून हेच दिवे लावलेस, बाळ्या. चल, उठ."

शवागारात डॉक्टर गळ्यावरचा वळ दाखवू लागला, पण आत्या पायांशीच घुटमळली. नर्तकी पायांना लावतात तो आलता बोटांवर आणि तळव्यांच्या कडेला लालभडक, सलग होता. तळवे स्वच्छ होते.

"पायांना काही झालेलं नाही, आत्या."

"तेच बघतेय."

कोठडीत शिष्येचे डोळे सुजले होते. "मध्यंतरात बाईंचे पाय पुसून मीच पुन्हा आलता लावला. पहिल्या नृत्यांत तो घासून जातो ना, दर वेळी लावावा लागतो. तेव्हा बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी सीता तू करायचीस, मावशीला मी आत्ताच सांगते."

"मावशी म्हणजे त्यांची बहीण?"

"हो. ते नृत्य बाईंनी आम्हां दोघींनाच शिकवलंय. मग मी जाऊन आईशेजारी बसले."

नर्तकीच्या घरी तिचा नवरा मृदंगाला पाठ करून बसला होता. "वर्षानुवर्षं तिला साथ केली," तो म्हणाला. "शेवट आला की ती ठेक्याच्या पुढे पळायची. काल एकदाही पळाली नाही. इतकी सुंदर ती कधीच नाचली नव्हती." डॉक्टरला त्याची कीव आली.

आतल्या खोलीत धाकटी बहीण गुडघ्याला पट्टा बांधून, जमिनीवर मांडी घालून साड्यांच्या घड्या करत होती. आत्याला बघताच दोन्ही हातांत साड्यांची चळत घेऊन ती झटकन उठली आणि तिला खुर्चीवर बसायला सांगितलं.

"तुम्ही नाचत नाही?"

"गुडघ्याने घात केला. बरीच वर्षं झाली."

"काल शेवटच्या नृत्याच्या वेळी कुठे होतात?"

"विंगेत. ताईला शेवटपर्यंत डोळे भरून पाहिलं."

संध्याकाळी आत्याने सगळ्यांना त्याच रंगपटात बोलावलं. फौजदार शिष्येला घेऊन आला आणि तिची आई भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाईंचा आलता मध्यंतरातला आहे," आत्या म्हणाली, "आणि तो कुठेही घासलेला नाही. तळव्यांना रंगमंचाची धूळ नाही. पाय धुतले म्हणाल, तर आलता फिका पडला असता. मध्यंतरानंतर बाई एक पाऊलही नाचलेल्या नाहीत."

"मग आम्ही काय पाहिलं?" फौजदाराने विचारलं.

"सावली. तिला कुठे चेहरा असतो? नृत्य येत होतं दोघींना. एक तेव्हा आईशेजारी बसली होती." आत्या बहिणीकडे वळली. "आणि दुसरी, गुडघा गेलाय म्हणते, पण हाताचा टेकू न घेता उठते. काल ती ठेका न सोडता नाचली. ताईला शेवटपर्यंत पाहिलं म्हणालात, पण ताई तेव्हा इथे मरून पडली होती."

बहिणीने कानावर हात ठेवले नाहीत की रडारड केली नाही.

"गुडघा केव्हाच बरा झाला होता," ती म्हणाली. "ताई म्हणायची, थांब, तुझी वेळ येईल. तोवर मी तिचा चेहरा रंगवत राहिले. काल म्हणाली, आता लोकांना तू नकोस. मग नाचून आले आणि घुंगरू तिच्याजवळ ठेवले."

"म्हणजे मी वाजवत होतो, आणि ती..." नवरा म्हणाला.

डॉक्टरला स्वतःची लाज वाटली. ते पाय त्याने सगळ्यांच्या आधी पाहिले होते. फौजदाराने शिष्येला सोडलं तशी आईने तिला घट्ट जवळ घेतलं.

हातात बेड्या पडल्यावर बहीण दारात थांबली आणि शिष्येकडे वळली. "जमिनीत शिरताना तू मान आधी खाली घालतेस. मान सगळ्यात शेवटी घालायची असते."

शिष्येने सवयीने मान डोलावली, आणि मग तिला रडू आवरेना.